टपावर मी, बटणावर भाऊजी

मंगळवार, ३ फेब्रुवारी

भाऊजी गेले असंच वाटलं आज! अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय.

विमा कचेरीची मागची लिफ्ट. जुनी, आमच्याकडच्या बहुतेक लिफ्टांसारखीच — टपावरून चालवायची सोय नाही. एकाने डब्याच्या टपावर उभं राहून शाफ्टमधलं काम करायचं, दुसऱ्याने वर मशीनरूममध्ये थांबून डबा हलवायचा. टपावर फक्त एक लाल बटण, ते दाबलं की सगळं ठप्प. दोर ज्या भोकांतून खाली उतरतात त्याच भोकांतून आमचं बोलणं चालतं. खालचा ओरडतो, "वर!" वरचा तोच शब्द परत विचारतो, "वर?" खालचा म्हणतो "हो", आणि मगच डबा हलतो. ताईच्या लग्नानंतर मी भाऊजींच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला हा नेम शिकवला, पान्हा धरायच्याही आधी.

आज टपावर मी होतो. "वर!" म्हणालो. वरून शब्दच आला नाही. चेष्टा करतायत वाटलं. "भाऊजी, बहिरे झालात का?" असंही ओरडलो — आता जीभ चावावीशी वाटते. मग भोकातून घुसमटल्यासारखा श्वास ऐकू आला. मजल्याचं दार आतून उघडलं, बाहेर पडलो, जिने कसे चढलो ते मलाच माहीत नाही. भाऊजी जमिनीवर. पाठ भिंतीला, शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. "बारक्या, ताईला सांभाळ," एवढंच बोलले. चाळिशी आली तरी हा माणूस मला बारक्याच म्हणतो. 

आणि हॉस्पिटलात काय? कार्डिओग्रामची पट्टी काढली, रक्त तपासलं, दिवसभर ठेवून घेतलं — हृदय ठणठणीत! तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "घबराटीचा झटका दिसतोय. पॅनिक म्हणतात तसा. मनोविकारतज्ज्ञांना दाखवून घ्या."

घबराट? भाऊजींना? अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढताना हा माणूस शीळ घालतो! डॉक्टरला मी दोन शब्द सुनावणार होतो, ताईने दंड धरला म्हणून गप्प बसलो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

भाऊजी घरी. कुणी काही विचारलं की "बरा आहे". मनोविकारवाल्याचं नाव काढलं तर, "माझं डोकं फिरलंय असं वाटतं का तुला?" ताईचं म्हणणं, दमलेत, झोप नाही पुरेशी. मलाही तेच पटलं. डोक्याच्या डॉक्टरकडे जाण्याइतकं काय झालंय!

पण एक मी ठरवून टाकलं. चक्कर येणाऱ्या माणसाने टपावर चढायचं नाही. पाय सरकला तर थेट खड्ड्यात. आजवर आम्ही आलटून पालटून करायचो, आता टपावर कायम मी. भाऊजींनी मशीनरूममध्ये बसून फक्त डबा हलवायचा.

हे सांगितल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला. "नको रे, आलटून पालटूनच बरं." स्वाभिमानी माणूस! म्हातारा झालो असं कबूल करायला नको. मी चढ्या आवाजात सांगितलं, माझं ऐकायचं नसेल तर साहेबांना सांगून घरीच बसवतो. मग तयार झाले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

भाऊजी कामावर आले. त्यांच्यासाठी मशीनरूममध्ये खुर्ची नेली, छोटा पंखा लावला, पाण्याची बाटली ठेवली. "राजासारखे बसा," म्हणालो. दात काढायला आलेला माणूस खुर्चीकडे बघतो तसे बघत राहिले. आभार राहिले बाजूलाच!

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

हे काय नवीन?

"वर!" म्हणालो. "वर?" "हो." इथे डबा हलायला हवा. त्याऐवजी — "वर ना?" "हो!" "तू मधोमध उभा आहेस ना?" "हो." "हात आत आहेत?" "आहेत हो!" "बारक्या, परत एकदा सांग."

प्रत्येक वेळी हेच. मजल्यावर लिफ्टची वाट बघत थांबलेल्या बाई हसल्या, "तुमच्या वरच्या साहेबांना कमी ऐकू येतं का?" मला राग आला, त्यांचाही आणि भाऊजींचाही. पण आजारी माणूस आहे. त्याला बरं वाटत असेल तर म्हणू चार वेळा "हो", आपलं काय जातं?

गुरुवार, ५ मार्च

"हो" म्हणून म्हणून घसा बसला.

रविवार, ८ मार्च

बायकोला आणि आमच्या पोरीला, चिमणीला घेऊन ताईकडे गेलो होतो. चिमणी नेहमीप्रमाणे पळत जाऊन भाऊजींच्या अंगावर उडी मारणार, तर भाऊजी चक्क दोन पावलं मागे! "हात घाण आहेत माझे." रविवारी? आत्ता आंघोळ करून बसलेला माणूस? पोरगी हिरमुसली. आजवर गॅलरीत तिला कडेवर घेऊन रस्त्यावरच्या गाड्या दाखवायचे. आज गॅलरीचं दारच लावून घेतलं.

मग ताई सफरचंद चिरत होती तर तिच्या हातातून सुरी घेतली, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि आतल्या खोलीत निघून गेले. परतताना ही म्हणाली, "आपली पोर काय काट्यांची आहे?" मी तिच्यावरच ओरडलो. पण मलाही ते लागलं. चिमणी झाली तेव्हा माझ्याआधी तिला भाऊजींनी हातात घेतलं होतं.

शनिवार, १४ मार्च

कुठून सुरुवात करू? अजून खरं वाटत नाही.

सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, तुमच्या मेहुण्यांनी नोकरी सोडली. मला एका शब्दाने न विचारता! तडक ताईच्या घरी गेलो. ताई दार उघडूनच रडायला लागली. भाऊजी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. मी तिथेच तोंड सोडलं — एवढी वर्षं बरोबर काम केलं, खुर्ची दिली, पंखा दिला, सगळं अंगावर घेतलं, आणि तुम्ही माझ्या पोरीला दूर लोटता, मला न सांगता निघून जाता, माझं चुकलं तरी काय?

सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाले, "बारक्या, माझ्या हातून तू मरशील."

मला वाटलं कान फुटले माझे.

"मारायचं नाहीये मला. देवाशप्पथ नाही. पण बटणाजवळ हात नेला की डोक्यात चित्र येतं. तू टपावर, आणि मी दाबून धरलंय, डबा छताला भिडेपर्यंत. मी हात मागे घेतो. परत येतं. घट्ट डोळे मिटतो, तरी येतं. त्या दिवशी तू 'वर' म्हणालास आणि वाटलं, आता हा हात माझं ऐकणार नाही. तिथेच खाली बसलो." मग वर बघितलं माझ्याकडे. "आणि नंतर तू मला रोज त्याच जागी नेऊन बसवलंस. पंखा लावून!"

 टपावर पाठवलं असतं तर हा माणूस सुखात राहिला असता! टपावर त्यांचा जीव माझ्या हातात, त्याची त्यांना काडीची भीती नाही. मीच, मोठ्या शहाणपणाने, ओरडून ओरडून —

"सांगायचं ना!" म्हणालो.

"काय सांगू? कुणाला? तुझ्या ताईला सांगू, की तुझा भाऊ रोज माझ्या डोक्यात मरतो?"

चिमणीचंही तेच. कडेवर घेतली की गॅलरीच्या कठड्यावरून ती खाली पडताना दिसते. सुरी दिसली की ताई. मी म्हणालो, अहो माझ्याकडे लाल बटण आहे, तुमचा हात फिरला तरी मी डबा थांबवू शकतो. तर म्हणाले, "माहीत आहे. तुझ्याआधी येऊन रोज मीच ते तपासतो. माहीत असून काय उपयोग?"

रविवार, १५ मार्च

हिला सांगितलं. सांगायला नको होतं. "त्यांच्याबरोबर परत पाऊल टाकायचं नाही. पोरीला तिकडे न्यायचं नाही." बस्स.

मला राग यायला हवा होता. आला नाही. भीती वाटली. सकाळपासून आठवतोय, मी कधी त्यांना दुखावलं? मनात काही असल्याशिवाय असं डोक्यात येईल का? त्यांच्या नव्या बुटांत मी एकदा ग्रीस सांडलं होतं, त्यावरून आठवडाभर बोलले नव्हते. काय मूर्खासारखं आठवतोय! बुटांसाठी कुणी माणूस मारतं?

सोमवार, १६ मार्च

ताईला भाऊजींनी स्वतःच सगळं सांगितलं. ताईने काय करावं? फळीवरची सुरी काढली, त्यांच्यासमोर बसून भाजी चिरली आणि म्हणाली, "गुरुवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. निमूट चलायचं." मला ताईची ही बाजू माहीतच नव्हती.

गुरुवार, १९ मार्च

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे दाढीवाला कुणीतरी असेल असं मनात होतं. निघाल्या एक ठेंगण्या डॉक्टरीणबाई, पायांत कापडी बूट. आधी बराच वेळ भाऊजींशी एकट्याने बोलल्या. मग भाऊजींनीच आम्हाला आत बोलावून घ्यायला सांगितलं.

मी दबकतच बसलो. पोलिसांत कळवतील, वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतील, असं काय काय डोक्यात. बाई तर शांत. म्हणाल्या, नको ते विचार सगळ्यांच्याच डोक्यात येऊन जातात. उंचावर उभं राहिलं की वाटतं, उडी मारली तर? आपण झटकतो आणि विसरतो. भाऊजींना ते झटकता येत नाहीत. आपल्या मनात हे आलंच कसं म्हणून ते हादरतात, खात्री करायला बघतात, आणि जितकी खात्री करतात तितका विचार घट्ट होतो. "मंत्रचळ म्हणतात याला. ओसीडी."

मंत्रचळ! मला वाटायचं, ते दिवसभर हात धूत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना होतं. बाई म्हणाल्या, ते एक रूप. हे दुसरं, आणि हे बरंच आढळतं. लोक शरमेने बोलत नाहीत म्हणून कळत नाही.

मी धीर करून विचारलं, "म्हणजे यांच्या मनात माझ्याबद्दल..."

"उलट," म्हणाल्या. "जे जिवापाड जपलंय त्याच्याबद्दलच हे विचार छळतात. त्यांना ते नको आहेत म्हणून तर घाम फुटतो. मी सगळं नीट विचारून घेतलंय. तुम्हाला त्यांच्यापासून धोका नाही."

भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. मी बुटांचं मनात आणलं होतं याची लाज वाटली.

मग बाईंनी एकदम वेगळंच विचारलं, अगदी साध्या आवाजात. झोप कशी आहे, भूक कशी आहे, कशात मन लागतं का. आणि — "जगू नये असं वाटतं का?"

मी उठलोच खुर्चीतून! असं कुणी विचारतं का? नसेल मनात तर घालायचं का माणसाच्या? बाईंनी हातानेच मला बसवलं. म्हणाल्या, विचारल्याने मनात येत नाही, असलेलं बाहेर पडतं. आणि खरंच, भाऊजी म्हणाले, "मी नसलो तर बारक्या वाचेल, असं वाटतं कधी कधी."

ताईच्या हातातली पर्स खाली पडली.  टाकीपाशी बसले होते त्या दिवशी. गच्चीवर. आणि मी तिथे त्यांना तोंडाला येईल ते बोलत होतो!

बाई गडबडल्या नाहीत. काही ठरवलं होतं का, करायला गेला होतात का, सगळं सरळ विचारलं. भाऊजी नाही म्हणाले. मग ताईशी बोलल्या — सध्या एकटं सोडायचं नाही, गच्चीची किल्ली तुमच्याकडे, हा नंबर, काहीही वाटलं तर लगेच फोन, आणि परवा पुन्हा भेटायचं. मंत्रचळाच्या जोडीला नैराश्य आलंय, म्हणाल्या, असं पुष्कळदा होतं. दोन्हींवर उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर धीर धरायचा.

निघताना माझ्याकडे वळल्या. "तुम्ही त्यांना किती वेळा 'हो' म्हणता?"

"विचारतील तितक्या वेळा," मी अभिमानाने सांगितलं.

"एकदाच म्हणायचं. नेमाप्रमाणे. त्यापुढचं प्रत्येक 'हो' त्यांच्या आजाराला खाऊ घालतं."

म्हणजे खुर्ची चुकली, पंखा चुकला आणि आता "हो"सुद्धा! मी या माणसासाठी केलेलं काहीतरी बरोबर होतं का?

शनिवार, २८ मार्च

गोळ्यांनी मळमळतं म्हणतात. फरक शून्य. ताई म्हणते, बंद करूया का? मी डॉक्टरीणबाईंचंच बोलणं तिला ऐकवलं, आठवडे लागतील म्हणून. ऐकवताना आवाज ठाम होता, मनात खात्री मलाही नव्हती.

साहेबांनी भाऊजींचा राजीनामा परत दिला, रजा मांडली. हा माणूस बरा निघाला.

रविवार, १२ एप्रिल

डॉक्टरीणबाई दर आठवड्याला काहीतरी करायला देतात, सोप्याकडून अवघडाकडे. आजचं: चिमणीला मांडीवर घेऊन बसायचं, हात धुवायचे नाहीत, कुणाला काही विचारायचं नाही. आम्ही "काही होणार नाही" असं म्हणायचं नाही. हिला मोठ्या मुश्किलीने तयार केलं, बाईंशी फोनवर बोलली तेव्हा कुठे हो म्हणाली.

भाऊजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चिमणीला कशाचा पत्ता नाही, त्यांच्या मिशीतले पांढरे केस शोधत होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, "बारक्या, मी नीट धरलंय ना?" तोंडाशी आलेलं "हो" मी गिळलं. जन्मात एवढं अवघड काही गिळलं नव्हतं. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. शेवटी पोरगी मांडीवरच झोपली आणि भाऊजी रडले. हिने डोळे पुसत चहा टाकला.

मंगळवार, २१ एप्रिल

भाऊजींनी आज शीळ घातली! अर्धीच. ताईने फोन करून सांगितलं.

बुधवार, २९ एप्रिल

भाऊजी मशीनरूममध्ये परत. डॉक्टरीणबाईंनीच ठरवून दिलं — आधी टपावर माणूस नको. माझ्या जागी वाळूची पोती ठेवली आणि मी मजल्यावर उभा राहून ओरडत होतो. भाऊजींनी एका पोत्यावर खडूने "बारक्या" लिहिलं. "वर!" "वर?" "हो." डबा गेला. पुढच्या वेळी "हो" नंतर परत विचारलं त्यांनी, सवयीने. मी गप्प.  मग डबा हलला. संध्याकाळी म्हणाले, "पोतं तुझ्यापेक्षा कमी बडबडतं."

उरलेला दिवस दुसऱ्या मेकॅनिकबरोबर टपावर काम केलं. चढण्याआधी लाल बटण तपासलं. मग परत तपासलं. बटणाला काही झालेलं नाही, पण बघितलेलं बरं.

सोमवार, ११ मे

हल्ली झोप नीट लागत नाही. उकाडा आहे. ही म्हणते चिडचिड वाढली आहे. कालच्या चहात साखर कमी होती म्हणून मी कप आपटला म्हणे. आमचं सगळं लक्ष भाऊजींच्या प्रकृतीकडे, माझ्या चहाचं कौतुक कशाला?

लाल बटण आज साहेबांना सांगून नवीन बसवून घेतलं. ते म्हणाले जुनं चांगलं होतं.

गुरुवार, २१ मे

बाई म्हणाल्या, आता खरा माणूस टपावर. भाऊजी तयार आहेत. मला विचारलं, तुम्ही तयार आहात? मी हसलो. माझा काय प्रश्न! या माणसाच्या हातात मी अर्धं आयुष्य काढलंय.

बुधवार, २७ मे

विमा कचेरीची मागची लिफ्ट. टपावर मी, बटणावर भाऊजी.

"वर!" "वर?" "हो."

एकदाच विचारलं त्यांनी. डबा हलला — सावकाश, एकसारखा, त्यांचा हात पूर्वी चालायचा तसा. आणि मी लाल बटण दाबलं. काही कारण नव्हतं! सोडलं, हलला, परत दाबलं. मग हात बटणावरून सुटेचना. छाती अशी धडधडायला लागली की मी टपावर खालीच बसलो. घाम, कानात घूंघूं आवाज, आता मरतोय असं. छत अजून कितीतरी वर होतं.

वरून हाक आली, "बारक्या? बारक्या, बहिरा झालास का?"  मग जिन्यावरून पळत येणारी पावलं ऐकू आली. भाऊजी मजल्याचं दार उघडून माझ्याशेजारी टपावर येऊन बसले. एका शब्दाने विचारलं नाही. काही होणार नाही, असंही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी आम्ही दोघं जाणार आहोत बाईंकडे. वेळ माझ्या नावाने घेतली आहे.